लिनक्स टाकलं, पण कॉम्प्युटर थेट विंडोजमध्येच जातोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी घरच्या जुन्या पण धडधाकट मशीनवर मिंट नाहीतर उबुंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकून बघितलं. आणि त्यातल्या अर्ध्याअधिक जणांचा नंतर एकच फोन येतो. इन्स्टॉल नीट झालं, शेवटी रीस्टार्ट करा म्हणाला, पेनड्राइव्ह काढला, आणि समोर परत विंडोजच. किंवा मग काही महिने दोन्ही छान चाललं होतं, विंडोजने एक मोठा अपडेट घेतला आणि सकाळी बघतो तर निवडायचा तो मेनूच गायब.

हा बिघाड मी इतक्या मशीनवर काढलाय की आता फोनवरच पहिली गोष्ट हीच सांगतो, पुन्हा इन्स्टॉल करू नका आणि दुकानात नेऊन फॉरमॅट तर अजिबात मारू नका. तुमचं लिनक्स बहुतेक वेळा डिस्कवर जसंच्या तसं असतं, फोटो फाइली सगळं जागेवर. सोसायटीत फ्लॅट आहे, माणसं राहतायत, फक्त खालच्या बोर्डावर नाव नाही, तसा प्रकार आहे. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये एक यादी असते, त्यात 'विंडोज बूट मॅनेजर', 'उबुंटू' अशी नावं असतात आणि कोण आधी कोण नंतर हे ठरलेलं असतं. विंडोजचं नाव वर गेलं किंवा लिनक्सचं नाव पुसलं गेलं की संपलं, मशीनला दुसरं काही आहे हे कळतच नाही.

आधी तुमचं लक्षण कुठलं ते ठरवा

कारण सगळ्यांना "लिनक्स चालू होत नाही" असंच म्हटलं जातं आणि उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं, काहीही न विचारता थेट विंडोज उघडतं. हा लेख मुख्यतः यासाठी आहे.

दुसरं, काळ्या स्क्रीनवर 'ग्रब' आणि पुढे बाणाचं चिन्ह, कर्सर लुकलुकतोय. म्हणजे ग्रब नावाचा मेनू दाखवणारा प्रोग्राम चालू झालाय पण त्याला त्याच्या फाइली सापडत नाहीयेत. बऱ्याचदा कोणीतरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन "ही कसली रिकामी ड्राइव्ह" म्हणून लिनक्सचं पार्टिशनच, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भागच उडवलेला असतो. तसं असेल तर लिनक्स खरंच गेलंय, पण विंडोज सुरक्षित आहे, खाली सांगितलेल्या बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा, उघडेल.

तिसरं, उलटा प्रकार, लिनक्स उघडतं पण विंडोजचं नाव मेनूत नाही. याचं शेवटी थोडक्यात सांगतो.

चौथं, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं काहीतरी इंग्रजीत येतं आणि मशीन बंद होतं. याला तारीखवार कारण आहे, तेही पुढे येईल.

आणि मेनू येतो, लिनक्स निवडता, मग स्क्रीन काळी पडते, असं असेल तर तुमचं बूटिंग ठीक आहे, तो ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न आहे, इथले उपाय करत बसू नका.

काहीही करायच्या आधी, बिटलॉकरची चावी

हे मी मुद्दाम पहिल्या तपासणीच्याही आधी टाकतोय. नवीन लॅपटॉपवर विंडोज ११ असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर, आपोआप चालू झालेलं असू शकतं, तुम्ही स्वतः कधी चालू केलं नसलं तरी. मग बायॉसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) जाऊन बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त विश्वासातल्याच बूट फाइली चालू देणारी सोय) हलवलं की पुढच्या वेळी निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर विंडोजमधला सगळा डेटा कुलूपबंद, कोणीही उघडून देऊ शकत नाही, मीही नाही आणि कंपनीही नाही.

म्हणून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन असं काही दिसतंय का बघा, दिसत असेल आणि चालू असेल तर मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन रिकव्हरी की शोधा आणि वहीत लिहून ठेवा. कागदावर, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलीत नाही. आकडे लिहिताना सहा-सहाचे आठ गट असतात, प्रत्येक गट परत ताडून बघा.

तपासणी १, फुकट आणि दोन मिनिटांची: बूट मेनू

विंडोजमध्ये असतानाच स्टार्टमधल्या पॉवर बटणावर जा, कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरा आणि शिफ्ट न सोडता रीस्टार्टवर क्लिक करा. निळी स्क्रीन येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' असा पर्याय दिसला तर त्यात जा. तिथे 'उबुंटू' नाव दिसतंय का बघा.

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण इथे हमखास गोंधळ होतो. तुम्ही लिनक्स मिंट टाकलं असलं तरी यादीत नाव 'उबुंटू' असंच येतं. मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे आणि बूटच्या फाइली उबुंटू याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. लोक यादीत मिंट शोधत बसतात, सापडत नाही, आणि इन्स्टॉलच झालं नाही असं समजून परत सगळं टाकायला घेतात, मग एकावर एक दोन लिनक्स होऊन बसतात आणि डिस्कची जागाही जाते.

शिफ्टवाली युक्ती चालली नाही तर मशीन पूर्ण बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाबायची. डेल, लेनोव्हो, एसरला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. असेंबल केलेला डेस्कटॉप असेल तर बोर्ड कुठला त्यावर, गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११, आसुसच्या बोर्डाला एफ८. एकदाच दाबून थांबू नका, पॉवरचं बटण दाबल्या दाबल्या टकटक करत राहा. लॅपटॉपवर काही वेळा एफएन की सोबत धरावी लागते. एसरच्या काही मॉडेलमध्ये एफ१२ चा मेनू मुळात बंद असतो, एफ२ दाबून बायॉसमध्ये जाऊन 'एफ१२ बूट मेनू' चालू करावा लागतो.

ही तपासणी महत्त्वाची का, तर यावरून पुढचा सगळा रस्ता ठरतो. उबुंटू नाव दिसलं आणि निवडल्यावर लिनक्स उघडलं, तर तुमचं लिनक्स ठणठणीत आहे, फक्त क्रम चुकलाय, तपासणी २ ला या. नाव दिसलं पण उघडलं नाही किंवा नावच नाही, तर तपासणी २ मधला एसरचा भाग आणि मग ३ बघा.

तपासणी २: क्रम बदला, पण बाकी कशाला हात लावू नका

बायॉसमध्ये जा. की सापडत नसेल तर वरच्याच निळ्या स्क्रीनवरून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं जाता येतं. तिथे बूट ऑर्डरमध्ये उबुंटूला विंडोज बूट मॅनेजरच्या वर न्या, सेव्ह करून बाहेर या.

एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये यादीत नुसतं 'ओएस बूट मॅनेजर' दिसतं आणि लोक म्हणतात इथे उबुंटू नाहीच. त्या ओळीवर जाऊन एंटर मारा, आत अजून एक यादी उघडते, त्यात विंडोज आणि उबुंटू दोन्ही असतात आणि क्रम तिथे बदलतो.

एसरचं प्रकरण जरा लांब आहे पण सुटतं. बऱ्याच एसर लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असताना अनोळखी बूट फाइल चालवायची परवानगी हाताने द्यावी लागते, आणि तो पर्याय फिकट राखाडी असतो, त्यावर जाताच येत नाही. आधी सिक्युरिटी टॅबमध्ये सुपरवायजर पासवर्ड ठेवायचा, मग तो पर्याय जागा होतो, नाव साधारण 'सिलेक्ट ॲन यूईएफआय फाइल ॲज ट्रस्टेड' असं. त्यात डिस्क, मग ईएफआय फोल्डर, मग उबुंटू फोल्डर, आणि आतली 'शिम' ने सुरू होणारी फाइल निवडायची. तिथेच 'ग्रब' ने सुरू होणारीही एक फाइल दिसेल, ती नको. सिक्युअर बूट चालू असताना बोर्ड शिमवर विश्वास ठेवतो आणि शिम पुढे ग्रबला चालवतो, म्हणून दार शिमचंच. फाइलीला काहीही नाव द्या, मिंट म्हणा, सेव्ह करा, रीस्टार्ट, परत बायॉस, आता ते नाव बूट ऑर्डरमध्ये आलेलं असेल ते वर न्या. काम झालं की सुपरवायजर पासवर्ड काढून टाका. तोपर्यंत तो वहीत लिहिलेला असू द्या कारण हा विसरला तर बायॉसला कुलूप आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही.

आणि बायॉसमध्ये गेलाच आहात म्हणून इकडचं तिकडचं बदलून बघू नका, विशेषतः साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत. कुठेतरी वाचून लोक तिथे आरएआयडी चं एएचसीआय करतात आणि मग विंडोजही निळी स्क्रीन दाखवायला लागतं, एकाचे दोन बिघाड.

बायॉसला न जाता लिनक्समधूनही क्रम बदलता येतो, मला स्वतःला हा रस्ता जास्त आवडतो कारण काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. बूट मेनूतून लिनक्स उघडा, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, सुडो (एस यू डी ओ) लिहून स्पेस द्या आणि मग ई एफ आय बी ओ ओ टी एम जी आर ही इंग्रजी अक्षरं लहान लिपीत सलग टाइप करून एंटर. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत, ते तसंच असतं, टाइप करत राहा. मग यादी येते. वरती 'बूटऑर्डर' पुढे ०००१,०००३,०००० असे आकडे आणि खाली प्रत्येक आकड्यापुढे नाव, समजा ०००१ ला विंडोज बूट मॅनेजर आणि ०००३ ला उबुंटू. आता तीच कमांड परत, पुढे स्पेस, उणे चिन्ह आणि लगेच लहान लिपीतला ओ, स्पेस, आणि हव्या त्या क्रमाने आकडे स्वल्पविराम देऊन, मध्ये जागा न सोडता, ०००३,०००१,००००. मी इथे मराठी आकडे लिहिलेत, तुम्ही इंग्रजी टाइप करा, आणि आकडे तुमच्या स्क्रीनवरचेच घ्या, माझे नाही, प्रत्येक मशीनला वेगळे असतात.

मग रीस्टार्ट. मेनू आला तर झालं. पण एवढ्यावर दोनदा रीस्टार्ट करून बघा, आणि एकदा विंडोजमध्ये जाऊन परत येऊन बघा, कारण काही मशीनवर विंडोजमध्ये एक चक्कर मारली की क्रम पुन्हा पहिल्यासारखा होतो.

तपासणी ३: विंडोजचं फास्ट स्टार्टअप

विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नसतो, अर्धवट झोपवून ठेवणं असतं, पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून. त्यामुळे तीन त्रास होतात, एफ१२ वगैरे दाबायला वेळच मिळत नाही, लिनक्समधून विंडोजची ड्राइव्ह फक्त वाचता येते लिहिता येत नाही, आणि दुरुस्तीच्या प्रोग्रामला विंडोज नीट बंद झालेलं सापडत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, मग डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वर 'चेंज सेटिंग्ज' ची ओळ क्लिक केली की खालच्या टिका बदलता येतात, 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची टिक काढा. दोन सिस्टिम ठेवायच्या असतील तर हे कायमचं बंदच असू द्या, आणि मोठा विंडोज अपडेट झाला की परत एकदा बघा, कधीकधी चालू झालेलं असतं.

तपासणी ४: जुना डेस्कटॉप असेल तर आतला सेल

क्रम बदलला, चाललं, दुसऱ्या दिवशी परत विंडोज, परत बदललं, परत तेच, असं रोज होत असेल आणि मशीन सहा-सात वर्षं जुना डेस्कटॉप असेल तर मी सरळ मदरबोर्डवरचा सेल बघतो. घड्याळाच्या सेलसारखा गोल चपटा, वर सीआर२०३२ लिहिलेलं, ३ व्होल्टचा. तो उतरला की मेन स्विच बंद केल्यावर बोर्ड आपली सेटिंग्ज विसरतो आणि मूळपदावर जातो. जिथे दिवसातून चार वेळा लाइट जाते किंवा घरात रात्री मेन स्विच बंद करायची सवय आहे तिथे हे लगेच दिसून येतं. चालू करताना घड्याळ अनेक वर्षं मागे दाखवतंय का, किंवा 'एफ१ दाबा' असा मेसेज येतो का, येत असेल तर बहुतेक सेलच.

मात्र घड्याळ बरोबर साडेपाच तासच मागे असेल तर सेल बदलू नका. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तेच घड्याळ भारताची वेळ समजून वाचतं, म्हणून साडेपाच तासांचा फरक. तो बिघाड नाही. विंडोजमध्ये वेळ सिंक करून तात्पुरतं बरोबर होतं, किंवा लिनक्सला सांगता येतं की तूही स्थानिक वेळ ठेव.

सेल पन्नासेक रुपयांच्या आसपास मिळतो. प्लग भिंतीतून पूर्ण काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो, बाजूची छोटी पट्टी नखाने दाबली की सेल वर येतो, नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. यात अवघड काही नाही. लॅपटॉपमध्ये मात्र हाच सेल बऱ्याचदा वायर लावून चिकटवलेला असतो, तिथे स्वतः हात घालू नका.

डेस्कटॉप उघडलाच आहे तर डिस्कची साटा केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. ज्यांनी विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाकलंय त्यांच्यात सैल केबल हे खरोखरचं कारण निघतं. अजून एक, दोन डिस्क असताना उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरने बूटच्या फाइली तुम्ही निवडलेल्या डिस्कवर न टाकता पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइलींचा छोटा भाग) टाकलेल्या असू शकतात. मग जुनी डिस्क काढली की एसएसडीवरचं लिनक्स बंद पडल्यासारखं वाटतं. डिस्क परत लावून बघा, उघडलं तर कारण सापडलं.

तपासणी ५: विंडोज एका पद्धतीने, लिनक्स दुसऱ्या पद्धतीने

नवशिक्यांच्या पहिल्याच इन्स्टॉलनंतर थेट विंडोज उघडत असेल, म्हणजे लिनक्स एकदाही दिसलेलं नसेल, तर मला पहिला संशय याचाच येतो. मशीन दोन पद्धतींनी बूट होतं, जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. विंडोज यूईएफआय मध्ये आहे आणि पेनड्राइव्ह चुकून लेगसीत चालू केला तर लिनक्सही लेगसीत बसतं, आणि मग दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

विंडोजची पद्धत बघायला स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, उघडलं की उजवीकडे 'बायॉस मोड' ची ओळ आहे, तिथे यूईएफआय किंवा लेगसी लिहिलेलं असतं. आता लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बूट मेनू उघडा, एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नुसतं नाव आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लावून. विंडोज यूईएफआय असेल तर यूईएफआय लिहिलेलाच निवडायचा. यूईएफआयवाला दिसतच नसेल तर पेनड्राइव्ह बनवताना रुफसमध्ये (पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्राम) पार्टिशन स्कीम एमबीआर ऐवजी जीपीटी घेऊन परत बनवा. पुढची तपासणी याच योग्य पद्धतीने उघडलेल्या पेनड्राइव्हवरून करायची आहे, नाहीतर ती वाया जाते.

तपासणी ६: बूट रिपेअर

इथपर्यंत आलात म्हणजे नाव यादीतून पुसलं गेलंय किंवा फाइली बिघडल्यात. सुरू करण्याआधी लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या.

जर बूट मेनूतून लिनक्स उघडता येत असेल तर पेनड्राइव्हची गरजच नाही. टर्मिनलमध्ये सुडो, स्पेस, ग्रब-इन्स्टॉल, एंटर, आणि मग सुडो, स्पेस, अपडेट-ग्रब, एंटर, दोन्ही कमांडमध्ये मधली आडवी रेघ ठेवून. पहिली कमांड फाइली नव्याने ठेवते आणि यादीत नाव परत लिहिते, दुसरी मेनू नव्याने बनवते. हे यूईएफआय मशीनसाठी आहे.

उघडता येत नसेल तर मिंटचा पेनड्राइव्ह लावा, इन्स्टॉलवर क्लिक न करता नुसता डेस्कटॉप उघडू द्या. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच मिळतं. मग मेनूमध्ये ॲडमिनिस्ट्रेशनखाली 'बूट रिपेअर' आहे, मिंटच्या पेनड्राइव्हवर ते आधीपासूनच असतं. उबुंटूच्या पेनड्राइव्हवर नसतं, वेगळं घ्यावं लागतं, म्हणून मी उबुंटू दुरुस्त करायलाही मिंटचाच पेनड्राइव्ह वापरतो. 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा, ते मशीन तपासतं, मध्ये काही विचारतं ते वाचून उत्तर द्या. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊ नका, तिथल्या काही टिका विंडोजच्या बूट फाइलींना हात लावतात. शेवटी एक लिंक देतं, त्यात तुमच्या मशीनची सगळी बूटची माहिती असते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे कोणाला विचारायची वेळ आली तर त्या एका लिंकवरून जाणकाराला अर्ध्या मिनिटात कळतं.

आणि या पेनड्राइव्हवरून डिस्क बघताना शे-दोनशे एमबीचं एक छोटं फॅट३२ पार्टिशन दिसेल. हे कसलं म्हणून ते फॉरमॅट किंवा डिलीट करू नका. विंडोज आणि लिनक्स दोघांच्याही बूट फाइली त्यातच राहतात.

ऑगस्ट २०२४ वालं प्रकरण

सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन येत असेल आणि त्यात एसबीएटी ही अक्षरं असतील तर ते ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सिक्युरिटी अपडेटपासून सुरू झालेलं आहे. त्या अपडेटने जुन्या असुरक्षित बूट फाइली नाकारायचा नियम बोर्डात लिहिला, आणि दोन सिस्टिम असलेल्या काही मशीनवरही तो जाऊन बसला, मग जुनी शिम फाइल असलेलं लिनक्स अडलं. यावर बिटलॉकरची चावी हाताशी घेऊन बायॉसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्स उघडायचं, सगळे अपडेट घ्यायचे म्हणजे नवी शिम येते, आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचं. कायमचं बंद ठेवू नका, ते कामाचं आहे. जुना इन्स्टॉलचा पेनड्राइव्हही याच कारणाने अडतो, नवी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवून नवा बनवा.

उलटा प्रकार, विंडोज मेनूत नाही

ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधायचं काम मुळात बंद ठेवलेलं असतं, सुरक्षेसाठी. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते, तिच्यात 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' अशी ओळ असेल, मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि अंडरस्कोरने जोडलेली. पुढचं हॅशचं चिन्ह काढा, बरोबरच्या चिन्हापुढे फॉल्स आहे ना बघा, सेव्ह करून अपडेट-ग्रब चालवा. विंडोज बूट मॅनेजर सापडला असं टर्मिनलमध्येच दिसेल. नाहीच दिसलं तरी बूट मेनूच्या कीने विंडोज उघडतं, घाबरायचं काही नाही.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टक-टक असा ठराविक आवाज येतोय, किंवा बायॉसमध्ये डिस्क कधी दिसते कधी नाही, किंवा मिंटच्या पेनड्राइव्हवरच्या 'डिस्क्स' प्रोग्राममध्ये स्मार्ट नावाची डिस्कच्या तब्येतीची तपासणी डिस्क बिघडतेय असं सांगतेय, तर बूट दुरुस्ती तिथल्या तिथे सोडा. मरायला टेकलेल्या डिस्कवर जितकं लिहाल तितका डेटा जातो. पेनड्राइव्हवरून डिस्क उघडत असेल तर गरजेचे फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट आधी बाहेरच्या ड्राइव्हवर काढा, सगळ्यात महत्त्वाचं ते आधी. आवाज येत असेल तर तेही करू नका, मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या.

बिटलॉकर चावी मागतोय आणि ती कुठेच सापडत नाही, सुपरवायजर पासवर्ड विसरलाय, लॅपटॉप वॉरंटीत आहे आणि उघडावा लागेल असं वाटतंय, या तीनही ठिकाणी स्वतः काही करू नका. आणि बूट रिपेअर दोनदा चालवूनही तेच येत असेल तर तिसऱ्यांदा चालवू नका. त्यापुढचा मार्ग पेनड्राइव्हवरून लिनक्सचं पार्टिशन हाताने जोडून ग्रब बसवायचा आहे, त्यात पार्टिशनचं नाव एका आकड्याने चुकलं तरी भलत्याच डिस्कवर लिहिलं जातं. ज्याला हे येतं अशा माणसाला शेजारी बसवा.

दुकानात न्यावंच लागलं तर आत देतानाच स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या, फॉरमॅट करायचं नाही, पार्टिशनला हात लावायचा नाही, फक्त बूट दुरुस्त करायचं. बऱ्याच ठिकाणी लिनक्स दिसलं की सरळ विंडोज नव्याने टाकून देतात आणि ते दुरुस्ती म्हणूनच देतात, त्यांना तेवढंच माहीत असतं. जो म्हणेल "आधी डेटा काढून घेतो मग बघतो" त्याच्याकडे ठेवा.

ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलंत तो पुसून गाणी भरू नका. ८ जीबीचा असला तरी पुरतो, वर मार्करने नाव आणि वर्ष लिहून ड्रॉवरमध्ये ठेवा, कारण पुढच्या मोठ्या विंडोज अपडेटनंतर क्रम परत हलू शकतो, आणि तेव्हा पहिल्या दोन तपासण्यांतच काम होतं.